ग्वाल्हेरच्या घरात मोटरचे पडदे: निवड, मोजमाप आणि वापर

मोटरवर चालणारा पडदा घ्यायला गेलेला माणूस बहुधा रिमोट आणि मोबाइलच्या गोष्टी ऐकूनच दुकानातून परत येतो. परंतु लष्कर भागातल्या जुन्या घरात काय किंवा सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये काय, तो पडदा खरोखर उपयोगी पडेल की नाही हे खिडकीच्या दिशेवर अधिक अवलंबून असते. म्हणून खरेदीपूर्वी एखादा पूर्ण दिवस घरी थांबावे आणि कोणत्या खिडकीतून किती वाजता ऊन आत येते व कुठवर पोहोचते, हे वहीत टिपून ठेवावे.

ग्वाल्हेर साधारण २६ उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ८७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर हातभर छज्जा असला तरी ऊन आत शिरत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम ४० अंशांपर्यंत चढतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत लांबवर पसरते. पण इथल्या थंडीत ते हवेच असते. खरा त्रास पश्चिमेचा आहे. मे-जूनमध्ये मावळता सूर्य पश्चिमेकडून उत्तरेकडे बराच सरकलेला असतो, आणि ते तिरपे ऊन कोणताही छज्जा अडवू शकत नाही. खर्च बेतानेच करायचा असेल तर पहिली मोटर पश्चिमेच्या खिडकीला, दुसरी पूर्वेच्या खिडकीला लावावी. दक्षिणेला हाताने ओढायचा पडदा पुरतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काचेच्या आत लावलेला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. जुनी माणसे वाळ्याचे पडदे दाराच्या बाहेर टांगून त्यांवर पाणी शिंपडत, ते उगाच नव्हे. म्हणून गॅलरीची सोय असल्यास पश्चिमेला बाहेर बांबूच्या काड्यांची चिक किंवा खास बाहेरच्या वापरासाठी बनवलेला मोटरचा पडदा लावावा. तो बाजूच्या पट्ट्यांत अडकून सरकणारा असावा, नाहीतर आंधीत फाटून जाईल. आतच लावायचा असल्यास काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी असलेले कापड घ्यावे.

कापड निवडताना सनस्क्रीन आणि ब्लॅकआउट यांतला फरक समजून घ्यावा. सनस्क्रीन कापड बारीक जाळीचे असते आणि त्यावरचा ३ किंवा ५ टक्के हा आकडा त्यातली मोकळी छिद्रे किती, हे सांगतो. दिवसा त्यातून बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही; रात्री दिवा लावला की नेमके उलट होते, हे दुकानदार क्वचितच सांगतात. ब्लॅकआउट कापडातून उजेड आत येत नाही. निजायच्या खोलीत तेच घ्यावे, परंतु रोलरच्या, म्हणजे कापड गुंडाळणाऱ्या नळीच्या, दोन्ही टोकांना ब्रॅकेट आणि मोटरच्या डोक्यासाठी दीड-दोन सेंटिमीटर जागा सुटते आणि तिथून उजेडाची रेघ येतेच. ती नको असेल तर पडदा चौकटीच्या आत न बसवता वर भिंतीवर बसवून दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटर जास्त रुंद ठेवावा. दुहेरी पट्ट्यांचे झेब्रा ब्लाइंड देखणे असतात, पण रस्त्यालगतच्या घरात त्यांच्या दोन थरांतली धूळ काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. मी ते घेणार नाही.

ज्या खिडकीत कूलर बसतो तिथे मोटरचा पडदा लावू नये. दमट वाऱ्याने कापडाला बुरशी लागते आणि लोखंडी भाग गंजतात. कूलरची हवा ज्या खिडकीतून बाहेर जाते, तिथेही पडदा पूर्ण खाली सोडू नये.

चौकटीच्या आत पडदा बसवायचा असल्यास रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि सर्वांत कमी आकडा धरावा. आमच्या घरी आलेल्या कारागिराने फक्त वरची रुंदी घेतली. जुन्या चुन्याच्या भिंतीत खाली ती बारा मिलिमीटरने कमी निघाली आणि पडदा रोज चौकटीला घासू लागला. जुन्या घरातल्या लाकडी खिडक्या आत उघडत असतील तर गुंडाळलेला पडदा झडपेच्या वर राहील इतक्या उंचीवर ब्रॅकेट लावावे.

मोटर नळीच्या आतच असते. घराचे काम चालू असेल आणि भिंत फोडता येत असेल तर विजेवर चालणारी घ्यावी आणि प्लास्टरपूर्वीच वरच्या कोपऱ्यात पॉइंट काढून घ्यावा. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर असला तर वीज गेल्यावर पडदा अर्ध्यावर अडकत नाही. यांतल्या भिंतीवरच्या स्विचने चालणाऱ्या मोटरला वर आणि खाली जाण्यासाठी फेजच्या दोन वेगळ्या तारा असतात. दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली जाणार नाहीत असाच स्विच लावावा, आणि एका साध्या स्विचवर दोन मोटरी थेट जोडू देऊ नयेत. राहत्या घरात बॅटरीची मोटर सोयीची पडते. इंटरनेट बंद असतानाही रिमोट चालतो ना, हे मात्र विकत घेण्यापूर्वीच करून पाहावे. लहान मुले असतील तर लोंबती दोरी नसणे हा या पडद्यांचा फार मोठा लाभ आहे. दोरीचा फास मुलांच्या गळ्याभोवती बसण्याचा धोका खरा असतो.

बसवताना दोन्ही ब्रॅकेट लेव्हल लावूनच ठोकावीत. नळी किंचित जरी तिरपी असली तरी कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जाते आणि कड उसवते. त्यानंतर रिमोट मोटरशी जोडावा, वरचे बटण दाबल्यावर पडदा वरच जातो का ते पाहावे, आणि मग वरची व खालची मर्यादा ठरवावी. खालची मर्यादा खिडकीच्या ओट्याला टेकण्याच्या बोटभर वर ठेवावी. पडदा टेकल्यावरही मोटर फिरत राहिली तर कापड उलटे गुंडाळले जाते. विजेवरची मोटर सलग चार-पाच मिनिटे चालवल्यास तापून आपोआप बंद पडते. मुलांनी रिमोटशी खेळ केल्यानंतर असे झाले तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी ती थंड होऊ द्यावी.

वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलावे. एप्रिल ते जूनमध्ये पूर्वेचा पडदा उजाडतानाच खाली आणि अकराला वर, पश्चिमेचा एकच्या सुमारास खाली आणि सूर्य मावळल्यावर वर ठेवावा. हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी दिवसभर उघडी ठेवून संध्याकाळ होताच सगळे पडदे खाली सोडावेत.

बॅटरी एका चार्जिंगवर काही महिने चालते, परंतु लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या काचेजवळ तेवढे तापमान सहज होते. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्रीच करावे. आंधी येऊन गेल्यावर पडदा लगेच वर गुंडाळू नये. धूळ घड्यांत दाबली जाऊन आडव्या रेघा उमटतात. आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढावी, ब्लॅकआउट कापड ओलसर फडक्याने पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच वर घ्यावे.