सायकोसिसचा पहिला झटका: ओपीडीत काय सांगायचं, काय मागायचं

सायकोसिस म्हणजे वास्तवाचं भान सुटणं: नसलेले आवाज ऐकू येणं, निराधार संशय येणं. घरात कुणाला तो पहिल्यांदाच झाला असेल, तर हे तुमच्यासाठी. सरकारी ओपीडीत डॉक्टर जेमतेम काही मिनिटं देऊ शकतात. त्यामुळे जाण्याआधीच एका कागदावर तारीखवार लिहून काढा: झोप कधी बिघडली, कॉलेज किंवा काम कधी सुटलं, आवाज किंवा संशय कधीपासून, गांजा-दारू, आधीची औषधं, घराण्यात कुणाला असा आजार. ‘विचित्र वागतो’ याचा डॉक्टरांना उपयोग नाही. ‘तीन रात्री झोपला नाही, शेजारी फोन ऐकतात म्हणून सिम मोडून टाकलं’ असं लिहा. आणि कागद लिहिलाय हे रुग्णाला सांगा. मागून चुगली केली असं वाटलं तर पुढच्या खेपेला तो यायचाच नाही.

काही वेळ त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. त्याचं सगळं डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घ्यायला गोपनीयतेची आडकाठी नाही. कुणी तसं सांगून वाटेला लावत असेल, तर हा फरक नम्रपणे दाखवा.

औषध सुरू होतानाच वजन, कंबरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) यांची नोंद मागा. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला घरी वजन करा. ओलॅन्झापिन या सायकोसिसवरच्या औषधाने भूक खवळते, आणि वाढलेल्या वजनापायी कित्येक तरुण गोळ्या सोडतात. घरचे मात्र त्याला हट्ट म्हणतात. दुसरी फसगत बेचैनीची. एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, हे औषधामुळेही होतं. ‘आजार वाढला’ असं सांगितलंत तर डोस आणखी वाढायचा. म्हणून ‘गोळी सुरू झाल्यावर की आधीपासून?’ हे नेमकं सांगा. पहिल्या झटक्यात सहसा कमी डोसने सुरुवात करतात. पुरेशा डोसवर 4 ते 6 आठवडे थांबूनही फरक नसेल तर पुढे काय, हे विचारा. दोन औषधं नीट देऊनही गुण आला नाही तर क्लोझापिनचा, म्हणजे इतर औषधं लागू न पडल्यावर देतात त्या औषधाचा, विषय काढा. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका, साधारण वर्ष-दोन वर्षं त्या चालतात. आमटीत गोळी मिसळणं तर नकोच. एकदा सापडली की औषधही गेलं आणि घरच्या जेवणावरचा विश्वासही.

तो सावरला की 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं काम उरकून घ्या. 18 वर्षांवरील रुग्णाला साध्या कागदावर सही करून उपचारांच्या निर्णयात मदत करणारा आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो आईवडीलच हवा असं नाही. कधी मित्र जास्त चालतो.

रात्री-बेरात्री सल्ला हवा असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीतही बोलतात. जिवाला धोका दिसला तर थेट 108.