श्मुकश्ट्युक: जर्मन जोडशब्द शेपटाकडून सोडवा

लांबलचक जर्मन शब्द मी नेहमी शेपटाकडून सोडवते. ‘श्मुकश्ट्युक’ घ्या, म्हणजे दागिना. शेवटचा भाग ‘श्ट्युक’, म्हणजे तुकडा, नग. मालक तोच, लिंगही तोच ठरवतो. श्मुक पुल्लिंगी असलं तरी श्ट्युक नपुंसकलिंगी, म्हणून अख्खा शब्द नपुंसकलिंगी. आधी एवढं वहीत टिपा.

मग विचारा, हे शेपूट लावलंच कशाला? नुसतं श्मुक म्हणजे एकूण दागदागिने. त्याचं अनेकवचन सहसा होत नाही. मोजायची वेळ आली की श्ट्युक जोडावंच लागतं. आपण ‘सोन्याचे चार डाग’ म्हणतो, तो डाग म्हणजे हा श्ट्युक. गंमत अशी, की प्रवासातल्या सामानाच्या डागालाही जर्मन माणूस ‘गेपेकश्ट्युक’ म्हणतो!

आता पुढचा भाग. इथे घाई नको. श्मुकच्या मागे ‘श्म्युकन’, सजवणं. आणि त्याच्याही मागे ‘श्मीगन’, बिलगणं. डूडेन कोशानुसार श्मुक मुळात अंगाला बिलगणारा भारी पोशाख. सोनंनाणं नंतरचं.

एक ताकीद. सारखे दिसणारे शब्द एका घरचे समजू नका. ‘गेश्मायड’ म्हणजेही दागिनेच, जरा काव्यमय. एका अनुवादाच्या तळटीपेत मी त्याला श्मुकचा सख्खा भाऊ ठरवून मोकळी झाले, आणि संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली. तो ‘श्मीड’च्या, म्हणजे लोहाराच्या घरचा: घडवलेला धातू. ‘गेश्मायडिग’ म्हणजे लवचीक, हाही तिथलाच. मुळात घडवायला सोपा. एकीकडे बिलगणं, दुसरीकडे लवचीक. फसायला तेवढं पुरलं. तेव्हापासून प्रत्येक भाग डी-डब्ल्यू-डी-एस या ऑनलाइन कोशात स्वतंत्रपणे पाहते. व्युत्पत्ती तिथे फुकट वाचता येते.

सरावाला ‘एऽरिंग’ घ्या. कानाशी संबंध नाही. ही लग्नाची अंगठी, जर्मनीत बहुधा उजव्या हातात घालतात. ‘एऽ’ म्हणजे विवाह, पण जुन्या जर्मनमध्ये कायदा. साखरपुड्याची अंगठी ‘फेअरलोबुंग्सरिंग’. तिच्या पोटातला ‘स’ कोशात शोधू नका, तो नुसता सांधा आहे. मी अर्धी दुपार शोधला होता.