राजाचा सांगाडा ओळखावा कसा? लेस्टरच्या उत्खननाच्या आधारे

मध्ययुगीन राजाचा सांगाडा ओळखण्याचे काम कागदपत्रांपासून सुरू करावे आणि जमिनीला कुदळ लागण्यापूर्वी एक टिपण लिहून ठेवावे: हा माणूस कोठे पुरला गेला, मृत्युसमयी त्याचे वय किती होते, त्याची शरीरयष्टी कशी होती, मृत्यू कशाने झाला आणि काय आढळले तर आपण आपला दावा मागे घेऊ. हे आधी लिहून ठेवणे गरजेचे आहे, कारण हाडे एकदा डोळ्यांसमोर आली की प्रत्येक खूण आपल्या मनासारखी दिसू लागते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या बाबतीत असे टिपण थोडक्यात असे झाले असते: पुरुष, वय 32, 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉस्वर्थच्या लढाईत शस्त्राच्या घावांनी मृत्यू, समकालीन लेखक जॉन राउस याच्या म्हणण्याप्रमाणे एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच, दफन लेस्टर शहरातील फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये, वेदीलगतच्या गायकवृंदाच्या भागात.

कागदपत्रे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा कोणता कागद घटनेच्या किती जवळचा आहे, हे पाहावे. रिचर्डची हाडे थडग्यातून उपसून सोअर नदीत फेकली गेली, ही कथा लेस्टरमध्ये शतकानुशतके सांगितली जात होती. पण ती छापील स्वरूपात 1611 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी दिसते. याउलट, 1538 मध्ये मठ बरखास्त झाल्यावर ती जागा पुढे ज्या रॉबर्ट हेरिककडे आली, त्याच्या बागेत राजाच्या दफनाची नोंद कोरलेला दगडी स्तंभ 1612 मध्ये प्रत्यक्ष पाहिल्याचे एका पाहुण्याने लिहून ठेवले आहे. डोळ्यांनी पाहिलेला स्तंभ ऐकीव कथेपेक्षा वजनदार ठरतो. पुढे ती बाग नगरपालिकेच्या वाहनतळाखाली गेली.

इंग्लंडमध्ये मानवी अवशेष उचलण्यासाठी न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याच्या अटींमध्ये पुनर्दफनाचाही समावेश असतो. लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी 25 ऑगस्ट 2012 रोजी पहिला चर खणला आणि त्याच दिवशी पायाची हाडे दिसली, तरी ती लगेच उचलली नाहीत. आधी भिंतींचे पाये, मठातील सभागृह आणि चर्च यांची मांडणी उलगडून घेतली आणि ही कबर गायकवृंदाच्या भागातच येते, हे स्पष्ट झाल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला सांगाडा उचलला. हाच क्रम पाळावा. जागेचा संदर्भ हाती नसताना उचललेली हाडे पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत बोलत नाहीत.

कबरीची नोंद हाडांइतकीच बारकाईने करावी. ही कबर माणसाच्या मानाने आखूड होती, तिच्या बाजू ओबडधोबड होत्या, शवपेटीचा मागमूस नव्हता आणि डोके खड्ड्याच्या कडेला टेकून उचललेले राहिले होते. घाईने उरकलेल्या दफनाशी हे सुसंगत आहे. पावले सापडली नाहीत. नंतरच्या काळातील बांधकामाने ती नष्ट झाली असावीत. पाठीच्या कण्याजवळ लोखंडाचा तुकडा निघाला, तेव्हा तो बाणाचे टोक असावा असे अनेकांना वाटले. क्ष-किरण तपासणीत तो कबरीच्या मातीतला रोमन काळातील खिळा निघाला. टिपण आधी लिहून ठेवायचे ते अशा मोहासाठी.

आता हाडांकडे वळू. लिंग, वय आणि उंची ठरवल्यावर अस्थितज्ज्ञाने दोन गोष्टींवर सर्वाधिक वेळ द्यावा: आयुष्यभर वागवलेली विकृती आणि मृत्यूच्या सुमारास झालेले घाव. लेस्टरच्या सांगाड्याचा कणा बाजूला तीव्र वळलेला होता. वक्रतेचा कोन 65 ते 85 अंशांदरम्यान काढण्यात आला आणि ती बहुधा दहाव्या वर्षानंतर वाढलेली असावी. अशा बाकामुळे उजवा खांदा उंच दिसतो, पण पाठीवर पुढे झुकवणारे कुबड येत नाही. म्हणजे राउसचे वर्णन टिकले आणि शेक्सपियरच्या नाटकातला कुबडा राजा बाद झाला. उलट, कणा सरळ निघाला असता, तर बाकी कितीही जुळले तरी शंका घ्यावी लागली असती.

घाव पाहताना कडा पाहाव्यात. जिवंत किंवा ताज्या हाडावरचा काप गुळगुळीत असतो, त्याच्या कडांचा रंग बाकीच्या हाडासारखाच मुरलेला दिसतो आणि भरून येण्याची खूण नसेल तर घाव मृत्यूच्या सुमारास झाला असे समजते. शतकांनंतर तुटलेल्या कोरड्या हाडाची कड खडबडीत आणि फिकट असते. हा भेद पुस्तकी नाही, कारण या कवटीला उत्खननातही अवजाराचा धक्का लागला होता आणि तो जुन्या घावांपासून वेगळा काढावा लागला. मृत्यूच्या सुमाराचे एकूण 11 घाव मोजले गेले, त्यांपैकी 9 कवटीवर होते आणि कवटीच्या तळाशी असलेले दोन मोठे घाव प्राणघातक ठरण्याजोगे होते. कमरेच्या हाडावरील घाव चिलखत अंगावर असताना होणे कठीण आहे. मृतदेह विवस्त्र करून घोड्यावर टाकून नेल्याचे वृत्तांत सांगतात, त्याच्याशी तो जुळतो.

रेडिओकार्बनचा, म्हणजे हाडातील कार्बनवरून काढलेल्या काळाचा, आकडा हाती आला की तो तसाच वापरू नये. या हाडांच्या पहिल्या तारखा 1430 ते 1460 आणि 1412 ते 1449 अशा आल्या. दोन्ही 1485 च्या आधीच्या. मात्र हा माणूस मासे आणि समुद्री अन्न भरपूर खात असल्याचे हाडांच्या रासायनिक तपासणीतून दिसले. समुद्रातील कार्बन जुना असल्यामुळे असे हाड आहे त्यापेक्षा जुने भासते. ही दुरुस्ती केल्यावर 95 टक्के शक्यतेचा काळ 1450 ते 1540 असा निघाला. येथे एक पथ्य पाळावे: दुरुस्तीचे कारण तारखेबाहेरच्या पुराव्यातून आलेले असावे, तारीख जुळवण्यासाठी शोधलेले नसावे.

डीएनएकडे सर्वांचे लक्ष असते. त्याची खरी मेहनत मात्र वंशावळीत आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मुलांकडे येतो आणि पुढे फक्त मुलींकडून जातो, म्हणून रिचर्डची थोरली बहीण ॲन ऑफ यॉर्क हिच्यापासून अखंड स्त्रीवंश शोधावा लागला. एक धागा मूळच्या कॅनडाच्या, लंडनमध्ये फर्निचर बनवणाऱ्या मायकेल इब्सेन यांच्यापर्यंत आला आणि दुसरा वेंडी डल्डिग यांच्यापर्यंत. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह, मृत्युपत्र असा कागद हवा, कारण एक दुवा सैल असला तर प्रयोगशाळेतील जुळणी निरर्थक होते. सांगाड्याचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल क्रम इब्सेन यांच्याशी तंतोतंत जुळला, तर डल्डिग यांच्याशी एकाच अक्षराचा फरक पडला. इतक्या पिढ्यांत एखादा बदल होणे अपेक्षितच असते. हा प्रकार युरोपात दुर्मिळ असल्यामुळे जुळणीला वजन आले. तो सर्रास आढळणारा असता, तर हीच जुळणी फारशी उपयोगी पडली नसती.

पितृवंशाचे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही. रिचर्डचाही पूर्वज असलेला राजा तिसरा एडवर्ड याच्यापासून आलेल्या ब्यूफोर्ट घराण्यातील पाच पुरुषांचे नमुने घेतले. त्यांपैकी चौघांचे आपसात जुळले, पण सांगाड्याशी कोणाचेच नाही. अशा वेळी निकाल लपवू नये आणि घाबरूनही जाऊ नये. इतक्या पिढ्यांत कागदावरचा पिता आणि खरा पिता कोठेतरी वेगळे असण्याची शक्यता बरीच असते. ती मोजून हिशेबात धरावी, तशी ती येथे धरण्यात आली.

ओळखीचा नातलग नसेल तर दावा सौम्य ठेवावा लागतो. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत सापडलेले हाड जॉर्जियाची राणी केटेवान हिचे असावे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने मायटोकॉन्ड्रियल प्रकारावरून सांगितले, तेव्हा तुलना नातेवाइकांशी नव्हे, तर लोकसमूहांशी होती. अशी तुलना प्रदेश सुचवते. व्यक्ती मात्र दफनाच्या जुन्या नोंदींवरूनच ठरवावी लागते.

शेवटी बेरीज. प्रत्येक पुराव्यासाठी विचारावे की हा सांगाडा रिचर्डचा असेल तर अशी खूण मिळण्याची शक्यता किती आणि त्या काळच्या दुसऱ्या कोणाचा असेल तर किती. मग ही गुणोत्तरे एकत्र करावीत. एकाच गोष्टीची दोनदा मोजणी होऊ देऊ नये. प्रतिकूल वाय गुणसूत्रही धरून लेस्टरचा निकाल 99.999 टक्क्यांच्या घरात आला आणि तो डिसेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. कवटीवरून घडवलेला चेहरा या हिशेबात घेऊ नये. तो पाहायला छान असतो, पण तो तयार करणाऱ्याला सांगाडा कोणाचा मानला जातो हे बहुधा ठाऊक असते.

नमुने, छायाचित्रे आणि कबरीची मोजमापे जपून ठेवल्यावर परवान्याची अट पूर्ण करावी. रिचर्डचे पुनर्दफन 26 मार्च 2015 रोजी लेस्टर कॅथेड्रलमध्ये झाले. त्याची ओक लाकडाची शवपेटी मायकेल इब्सेन यांनी स्वतः बनवली होती.