फायर सायडर घरी करताय? या चुका टाळा

आलं, लसूण, कांदा, मिरची, हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं एक झणझणीत परदेशी मूळ) असं सगळं जहाल सामान सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये महिनाभर मुरवायचं, गाळायचं आणि वरून मध, झालं फायर सायडर नावाचं घरगुती टॉनिक. कॅलिफोर्नियात वनौषधी शिकवणाऱ्या रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी १९८० च्या आसपास हे लोकप्रिय केलं. पुढे एका कंपनीने नावाचा ट्रेडमार्क घेतला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये निकाल लागला की हे नाव कुणा एकाचं नाही. म्हणजे बिनधास्त करा, फक्त नीट करा.

पहिला घोळ हॉर्सरॅडिशचा. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, मग नेटवर शोधलं की 'हॉर्सरॅडिश ट्री' म्हणून शेवगा दिसतो आणि लोक शेवग्याचं मूळ खणायला निघतात! अजिबात नको, त्याच्या मुळाची साल विषारी असते. त्यापेक्षा पांढरा मुळा किसून घाला आणि चमचाभर मोहरी भरडून टाका, झणका नाकात जातो तो मोहरीनेच.

व्हिनेगर घेताना लेबल वाचा, आम्लता ५ टक्के हवी. आणि ते पुरवायला म्हणून पाणी घालू नका प्लीज.

बुरशी येते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, वर तरंगणारे तुकडे. लोणच्यावर तेल चढलं पाहिजे म्हणतो ना आपण, तसंच इथे व्हिनेगर सगळ्याच्या वर बोटभर हवं, बरणी कोरडीठाक हवी आणि रोज एकदा हलवायची, पावसाळ्यात तर नक्कीच. तरीही वर केसाळ बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू असा आजीछाप हिशोब नको, सगळं फेका. लसूण निळा-हिरवा झाला तर मात्र घाबरू नका, आम्लामुळे होतं ते, खायला चालतो. तळाशी गढूळ साका दिसला तरी काही बिघडलेलं नाही.

झाकण पत्र्याचं असेल तर गंजतं, मध्ये बटर पेपर लावा किंवा प्लॅस्टिकचं झाकण वापरा. मध सुरुवातीला नाही, गाळल्यावर घाला, म्हणजे चव बघत बघत कमीजास्त करता येतो. आणि हो, मध घातलेलं हे टॉनिक १ वर्षाखालच्या बाळाला चाटवायचं नाही.

आता पिण्याची चूक, जी मीही केली. पहिल्याच दिवशी सकाळी अनशापोटी एक शॉट पाणी न घालता तसाच मारला आणि दुपारपर्यंत छातीत नुसती आग. १ चमचा ग्लासभर पाण्यात, जेवणासोबत, एवढंच पुरे, आणि नंतर चूळ भरा पण लगेच ब्रश करू नका, दातांचं एनॅमल झिजतं. अ‍ॅसिडिटी, अल्सर असेल किंवा शुगरची, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीत चोंदलेलं नाक थोडं मोकळं वाटतं हे खरं, पण ताप उतरायला याच्या भरवशावर बसू नका.

गाळून उरलेला चोथा टाकताय? मिक्सरला लावून मीठ घाला, मस्त चटणी होते, भाकरीबरोबर मला तर टॉनिकपेक्षा तीच जास्त आवडते.