पेंटबॉलचा घरगुती सराव: नेम राहू द्या, आधी डोकवायला शिका

पेंटबॉल म्हणजे आडोशाआडून एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, अंगावर गोळी फुटली की तुम्ही आउट. घरात एकही गोळी न उडवता त्याचा सराव करता येतो. खरं तर तसाच करायचा असतो. आपल्याकडे बहुतेक जण ऑफिसच्या सहलीला किंवा शनिवार-रविवारी मित्रांबरोबर मैदानावर जातात, भाड्याचा मार्कर, म्हणजे गोळ्या उडवणारी बंदूक, हातात घेतात आणि तासाभराने मांडीवर-दंडावर काळेनिळे वळ घेऊन परततात. पुढच्या वेळी जरा बरं खेळावं म्हणून मग सल्ले शोधतात आणि सल्ला मिळतो तो नेमाचा. भिंतीवर ठिपका काढा, डार्ट्स खेळा, मोबाइलवर बंदुकांचे गेम खेळा. यातलं मनापासून काही केलंत तर तुम्ही डार्ट्स उत्तम खेळाल, एवढं नक्की.

पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला रंग. व्यास साधारण 17 मिलिमीटर, वजन जेमतेम 3 ग्रॅम. ती कधीच अगदी गोल नसते. उन्हात राहिली की फुगते, दमट हवेत चिकट होते. भाड्याच्या मार्करमधून सुटलेली अशी गोळी पंचवीस मीटरवर थोडी इकडेतिकडे जाणारच. तिथे तुमचा ऑलिंपिकच्या तोडीचा नेम काय करणार?

या खेळाचा पहिला सामना 27 जून 1981 रोजी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. बारा जण होते. हातात नेलस्पॉट 007 ही पिस्तुलं, मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली. ज्याने सगळे झेंडे गोळा करून सामना जिंकला, त्याने एकही गोळी झाडली नव्हती. जंगलात काम करणारा माणूस होता, दिसायचं कधी आणि कधी नाही हे त्याला बरोबर कळत होतं. घरी शिकायचंय ते हेच.

सामान

एक दाराची चौकट, एक मोठा आरसा, फोन आणि मार्करच्या जागी धरायला काहीतरी. खेळण्यातली हलकी बंदूक नको. टाकी (दाबाखालच्या गॅसची), लोडर (गोळ्या भरायचा डबा) आणि गोळ्या धरून भाड्याचा मार्कर अडीच-तीन किलोच्या घरात जातो आणि खेळात दम काढतं ते हे वजन. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या. मागच्या टोकाला पाण्याने भरलेली लिटरची बाटली चिकटपट्टीने घट्ट बांधा, तीच तुमची टाकी. वर मध्यावर अर्ध्या लिटरची दुसरी बाटली उभी बांधा, तो लोडर. ध्यान विचित्र दिसतं, पण वरच्या बाटलीशिवाय सराव अर्धवट राहतो. का, ते पुढे येईलच.

स्वतःचा मार्कर असेल तर टाकी काढून ठेवा, लोडर रिकामा करा, नळीवर कव्हर चढवा. टाकी काढल्यावरही आत एका शॉटपुरता दाब उरू शकतो. तो मैदानावरच, मास्क घालून, मोकळ्या दिशेला उडवून यायचं. आणि बंदुकीसारखी दिसणारी कुठलीही वस्तू घेऊन गॅलरीत किंवा खिडकीत उभं राहायचं नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना तुमचा छंद माहीत नसतो. त्या थेट 112 लावतील, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

जेलच्या पाणीदार गोळ्या उडवणारी खेळणी सरावाला घ्या, असंही कोणी सांगेल. घरात लहान मूल असेल तर त्या गोळ्या दारातूनही आत आणू नका. गिळल्या तर पोटात फुगतात आणि आतडं अडवतात.

मास्क आणि पाय

काही विकत घ्यायचंच असेल तर मार्करच्या आधी मास्क घ्या. दुहेरी काचेचा, कारण एकेरी काचेवर पावसाळ्यात दोन मिनिटांत वाफ धरते. पेंटबॉलसाठी एएसटीएम एफ1776 हे मानक आहे, ते मास्कवर लिहिलेलं बघून घ्या. मोटरसायकलचा गॉगल चालत नाही. रोज थोडा वेळ मास्क घालूनच घरात वावरा. त्यात श्वास घ्यायची आणि कडेचं न दिसण्याची सवय झाली की मैदानावर तो काढायचा मोह होत नाही. तो मोह जीवघेणा आहे. गेलेला डोळा परत येत नाही.

पायांसाठी बैठका मारा. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

डोकवणं

आता मुद्द्याचं. बंकर म्हणजे मैदानावरचा आडोसा, घरात दाराची चौकट हाच तुमचा बंकर. त्याच्या आडून बाहेर यायचं, एक-दोन गोळ्या मारायच्या आणि परत आत जायचं, याला खेळाडू स्नॅप म्हणतात. ऐकायला सोपं. सगळ्यात जास्त घाम मला इथेच गाळावा लागला, आणि नवीन माणूस दहातल्या नऊ वेळा आउट होतो तोही इथेच.

आधी हिशेब समजून घ्या. मैदानावर मार्करचा वेग साधारण सेकंदाला 280 ते 300 फुटांच्या आत बांधलेला असतो. हवेच्या अडथळ्याने गोळी मंदावते, म्हणजे वीस मीटर कापायला तिला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. समोरच्याला तुम्ही दिसलात हे कळून त्याचं बोट हलायला आणखी पाव सेकंद. एकूण अर्धा सेकंद आणि वर थोडं. तेवढ्यात तुम्ही परत आत असाल तर त्याची गोळी बंकरवर फुटते. एक सेकंद बाहेर राहिलात तर तुमच्यावर. सारा खेळ या अर्ध्या सेकंदाचा आहे.

तो वाया कुठे जातो? सगळ्यात आधी बंकरला चिकटण्यात. नवखा माणूस बंकरला पाठ किंवा गाल लावून उभा राहतो, कारण सिनेमात तसंच दाखवतात. मग मार्करला जागा उरत नाही. नळी आभाळाकडे किंवा जमिनीकडे जाते. बाहेर आल्यावर ती फिरवायची, सरळ करायची, मग नेम धरायचा, तोवर कारभार आटोपलेला असतो. चौकटीपासून हातभर मागे उभे राहा. मार्कर आडोशामागेच खांद्याला लावून वर, नळीचं तोंड समोर, पण चौकटीच्या कडेबाहेर एक बोटभरही नाही. बाहेर आलात त्या क्षणी गोळी मारता यायला हवी, मार्कर हलवायला न लागता.

दुसरी गोष्ट, बाहेर यायचं कंबरेतून. हात पुढे करून नाही, मान काढून नाही आणि पाऊल टाकून तर मुळीच नाही. पाय जमिनीला खिळलेले, कंबरेवरचं सगळं धड, डोकं आणि मार्कर एका फळीत बसवल्यासारखं बाजूला कलतं आणि तसंच परत येतं. गुडघ्यावर बसला असाल तर ज्या बाजूने डोकवणार त्या बाजूचा गुडघा जमिनीवर टेका आणि आतला उभा ठेवा. उलट केलंत तर उभा गुडघा तुमच्या आधी बाहेर येतो, आणि गुडघ्याची वाटी लागली की दोन दिवस जिना चढताना आठवण राहते.

आता आरसा. चौकटीच्या पलीकडे, दोन-तीन मीटरवर, प्रतिस्पर्धी उभा असेल त्या जागी तो ठेवा. कलून बाहेर या आणि थांबा. आरशात तुमचा जो भाग दिसतो, तोच समोरच्यालाही दिसतो. दिसायला काय हवं? नळी, मास्कची एक काच, खांद्याची कड. बस. बहुतेकांना पहिल्यांदा काय दिसतं ते सांगतो: पंखासारखं पसरलेलं कोपर आणि वर उभा लोडर. कोपर बरगडीला चिकटवा. लोडरसाठी मार्कर किंचित आतल्या बाजूला, बंकरकडे कलता करा. बहुतेक मैदानांवर मार्करला किंवा लोडरला गोळी लागली तरी आउट धरतात, म्हणून ती दुसरी बाटली बांधायला सांगितली. बाटली आरशात जेवढी दिसते तेवढं तुमचं मरण बाहेर आहे.

आरशासमोर हे अगदी सावकाश करा. वेग नको. ज्यांनी पहिल्याच दिवशी झटके मारायला सुरुवात केली त्यांचं कोपर कायमचं बाहेर राहिलं, अशी माणसं मी मैदानावर दर वेळी बघतो. अंगाला रस्ता पाठ झाला की वेग आपोआप येतो. आधी वेग आला तर चुकीचाच रस्ता पाठ होतो.

आकार बसला की आरसा बाजूला करा आणि त्याच जागी, छातीच्या उंचीवर फोन ठेवून व्हिडिओ घ्या. साधा व्हिडिओ सेकंदाला तीस फ्रेमचा असतो. अंगाचा पहिला कण दिसला तिथपासून पूर्ण नाहीसे झालात तिथपर्यंत फ्रेम मोजा. सुरुवातीला चाळीसच्या वर येतील. वीसवर आणलेत तर मैदानावर फरक पडेल, पंधरावर आणलेत तर समोरचा वैतागेल. त्या वेळेत बोट दोनदा दाबलं गेलं पाहिजे, पाइपवर का होईना. नुसतं डोकावून परत येणं हा सराव नव्हे.

पुढची पायरी घरातल्या कुणाला तरी पटवून करायची. समोरच्याने हाताची बोटं दाखवायची, किती ते दर वेळी बदलायचं. तुम्ही बाहेर या, दोनदा बोट दाबा, आत जा आणि आकडा सांगा. आकडा सांगता आला नाही तर तुम्ही माणसाकडे न बघता नळीकडे बघत होतात किंवा डोळे मिटले होते. डोळे मिटणं अगदी स्वाभाविक आहे आणि ते मोडावंच लागतं. हे जमलं की समोरच्याच्या हाती मोज्यांचे गोळे द्या आणि जे दिसेल त्याला मारायला सांगा. या कामाला आठ-दहा वर्षांच्या मुलासारखा कडक रेफरी नाही.

आणि जिथून एकदा डोकावलात तिथून लगेच दुसऱ्यांदा नाही. पहिल्या वेळी समोरच्याला तुम्हाला बघून मारावं लागतं. दुसऱ्या वेळी त्याचा मार्कर त्याच जागेवर रोखलेला असतो, बोट आधीच चालू असतं, मग तुमच्या अर्ध्या सेकंदाला काही किंमत नाही. उभ्याने पाहा, बसून मारा. उजवीकडून पाहा, डावीकडून मारा. खो-खोत पळणारा खांद्याने एका बाजूची हूल देतो आणि दुसऱ्या बाजूने निसटतो, तसं. चौकटीवर तीन उंचींवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि लागोपाठ दोनदा एकाच खुणेवरून बाहेर यायचं नाही हा नियम घरातच लावून घ्या. मैदानावर धाप लागल्यावर डोकं चालत नाही, अंगाला जे ठाऊक आहे तेच होतं.

डावा हात

वर लिहिलंय ते सगळं उजव्या माणसाने उजवीकडून डोकवण्याबद्दल झालं. आता डाव्या बाजूने डोकावून पाहा, पाइप उजव्याच खांद्याला ठेवून. आरशात अख्खी छाती दिसेल, कारण उजवा खांदा कडेपर्यंत आणायचा तर आधी पूर्ण धड बाहेर काढावं लागतं. म्हणून डावीकडून यायचं तर मार्कर डाव्या खांद्यावर, बोट डाव्या हाताचं, डोळाही डावा. दुसरा उपाय नाही. ‘मी कायम उजवीकडूनच खेळेन’ असं म्हणणारे बरेच भेटतात. समोरच्याच्या हे एकदा लक्षात आलं की तो तुमच्या डावीकडे चालत येतो आणि अगदी जवळून मारतो.

पहिले काही दिवस हात परका वाटेल. डाव्या बाजूचा सराव उजवीच्या दुप्पट करा. हात बदलायचा तो आडोशामागे आणि मार्कर खाली न उतरवता: पुढचा हात मागे मुठीवर, मागचा पुढे. टीव्ही बघतानाही करता येतं.

गोळ्या भरणं

लोडरमध्ये साधारण दोनशे गोळ्या मावतात आणि नेमक्या नको त्या वेळी संपतात. रुंद तोंडाची बाटली आणि गोट्या घ्या. गोट्यांचं माप पेंटबॉलच्या जवळपास असतं. खाली चादर अंथरा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील. नजर समोर ठेवून, हाताकडे न बघता, एका बाटलीतून दुसरीत ओता. सांडल्या तर मोजा.

मैदानावर गेल्यावर

रोज पंधरा मिनिटं पुरेत, त्यातली दहा डोकवण्याला. पहिल्या सामन्याआधी चाचणीच्या जागी दहा-बारा गोळ्या मारून तुमचा मार्कर त्या दिवशी कुठे मारतोय ते बघून घ्या. भाड्याचा प्रत्येक मार्कर वेगळा असतो आणि नेमाचा जो काही प्रश्न आहे तो तिथेच सुटतो. मग बंकर निवडताना ज्याच्या दोन्ही कडांनी डोकवता येतं असा निवडा, आणि सुरुवात डावीकडून करा. उजव्या हाताच्या समोरच्या खेळाडूला त्या बाजूची अपेक्षा कमी असते.