स्टार्टर-जनरेटरचा रेग्युलेटर बदलताय? या चुका टाळा

१९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट हा गार्डन ट्रॅक्टर बाजारात आणला आणि १९६३ मध्ये जॉन डिअर ११० आला. त्या काळातल्या अनेक गार्डन ट्रॅक्टरवर इंजिनाच्या बाजूला पट्ट्याने जोडलेलं एकच गोल यंत्र दिसतं. सेल्फ मारला की ते मोटर होऊन इंजिन फिरवतं. इंजिन सुरू झालं की तेच डायनॅमो होऊन बॅटरी चार्ज करतं, म्हणून त्याला स्टार्टर-जनरेटर म्हणतात. हे यंत्र दणकट आहे, सहजासहजी मरत नाही. तरीही चार्जिंग थांबलं की बहुतेक जण आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आणि करंट आटोक्यात ठेवणारी डबी) बदलतात, नव्यानेही चार्जिंग झालं नाही की यंत्र जळालं असं ठरवून तेही काढून टाकतात. दोन्ही वेळा घाई झालेली असते. रेग्युलेटर निवडायचा तो त्या यंत्राच्या पोटात फील्ड कॉइल (चुंबकत्व तयार करणारं तारेचं वेटोळं) कशी जोडली आहे ते बघून.

टर्मिनलची नावं जुळली म्हणजे रेग्युलेटर जुळला, हा समज

यातली सर्वात महाग पडणारी चूक हीच. रेग्युलेटरवर बॅट (बॅटरी), जेन (जनरेटर) आणि एफ (फील्ड) अशी तीन टर्मिनलं असतात आणि ती जवळजवळ सगळ्या जुन्या रेग्युलेटरवर सारखीच दिसतात. आतली रचना मात्र दोन प्रकारची असते.

ए सर्किटमध्ये फील्ड कॉइलचं एक टोक जनरेटरच्या आत आर्मेचरच्या (फिरणाऱ्या, वीज तयार करणाऱ्या भागाच्या) टर्मिनलला जोडलेलं असतं आणि दुसरं एफ म्हणून बाहेर येतं. रेग्युलेटर त्या एफला अर्थ देतो, म्हणजे बॉडीला जोडतो, किंवा तोडतो. गार्डन ट्रॅक्टरवरचे डेल्को-रेमी स्टार्टर-जनरेटर याच प्रकारचे. बी सर्किटमध्ये उलटं असतं: कॉइलचं एक टोक आतच बॉडीला अर्थ केलेलं असतं आणि रेग्युलेटर एफला आर्मेचरकडून करंट पुरवतो. जुन्या फोर्ड गाड्यांचे जनरेटर असे असत.

आता ए जनरेटरला बी रेग्युलेटर लावला तर काय होतं ते पाहा. कॉइलचं एक टोक आर्मेचरवर आहेच, रेग्युलेटरने दुसरंही आर्मेचरच्याच व्होल्टेजला नेलं. दोन्ही टोकांत फरक उरला नाही, म्हणजे कॉइलमधून करंट नाही, चुंबकत्व नाही, चार्जिंग नाही. बी जनरेटरला ए रेग्युलेटर लावला तर दोन्ही टोकं अर्थवर जातात आणि परिणाम तोच. यंत्र चांगलं, रेग्युलेटर नवाकोरा, तरी अँपमीटरचा काटा हलत नाही. कितीतरी चांगले जनरेटर याच घोटाळ्यात भंगारात गेले आहेत, याचं वाईट वाटतं.

प्रकार ओळखायला मल्टीमीटर पुरतो, पण एक खाच आहे. नुसता एफ आणि बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स मोजला तर दोन्ही प्रकारांत काही ओहम दिसतात, कारण ए प्रकारात आर्मेचर आणि अर्थ केलेल्या ब्रशमधून (आर्मेचरला टेकणाऱ्या कार्बनच्या तुकड्यातून) वाट मिळतेच. म्हणून बॅटरीची वायर काढा, रेग्युलेटरच्या वायरी सोडवा, बॉडीपासून अलग असलेला ब्रश उचलून त्याच्या आणि कॉम्युटेटरच्या (आर्मेचरच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) मध्ये जाड कागदाचा तुकडा सरकवा आणि मग मोजा. वाट पूर्ण तुटलेली दिसली तर ए, तरीही काही ओहम दिसले तर बी.

मोटारगाडीचा मोठा रेग्युलेटर बसवणं

प्रकार जुळला तरी क्षमता जुळायला हवी. हे छोटे स्टार्टर-जनरेटर सहसा १० ते १५ अँपिअरचे असतात. मोटारगाडीचा करंट रेग्युलेटर २५-३० अँपिअरला तोडणारा असेल, तर उतरलेली बॅटरी मागेल तेवढा करंट तो जाऊ देतो. यंत्र तापतं, कॉम्युटेटरवरचं सोल्डर वितळून उडतं आणि झाकणाच्या आत चांदीसारखे थेंब दिसू लागतात. जनरेटरच्या पाटीवरचा मॉडेल नंबर वाचा आणि त्याच नंबरला दिलेला रेग्युलेटर घ्या. पाटीवरचा रंग पॉलिश पेपरने घासू नका, खोदलेले आकडे पुसले जातात. पेंट रिमूव्हर वापरा.

व्होल्टेज आणि अर्थिंगही बघा. ६ व्होल्टचा की १२ चा, निगेटिव्ह अर्थ की पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह अर्थसाठी बनलेला रेग्युलेटर निगेटिव्ह अर्थवर काही काळ चालतो, पण त्याचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) लवकर खड्डे पडून जातात.

कोहलर कंपनीच्या नंतरच्या इंजिनांवर फ्लायव्हीलखाली स्टेटर (वीज तयार करणारी स्थिर कॉइल) असतो आणि त्याचा चपटा रेग्युलेटर-रेक्टिफायर वेगळाच, त्यावर एसी, बी प्लस, एसी लिहिलेलं असतं. इंजिन कोहलरचं आहे म्हणून तो मागवू नका. स्टार्टर-जनरेटरशी त्याचा काही संबंध नाही.

अर्थिंग गृहीत धरणं

ए सर्किटमध्ये फील्डचा करंट रेग्युलेटरच्या बुडातून चेसिसमध्ये जातो. बुडाखाली रंग, गंज किंवा रबरी वॉशर असेल तर कधी चार्जिंगच नाही, कधी जास्त, असा खेळ चालतो आणि दोष पुन्हा रेग्युलेटरवर येतो. बुडाच्या स्क्रूपासून जनरेटरच्या बॉडीपर्यंत एक जाडशी वायर स्वतंत्रपणे ओढा. पाच मिनिटांचं काम, पण माझ्या मते कोणताही भाग विकत घेण्याआधी हेच करावं.

पोलराइज न करणं, किंवा चुकीच्या पद्धतीने करणं

वायरी सोडवून पुन्हा जोडल्या की इंजिन सुरू करण्याआधी जनरेटर पोलराइज करायला हवा, म्हणजे त्याचे चुंबकीय ध्रुव बॅटरीशी जुळवायला हवेत, नाहीतर उलट ध्रुवाने चार्ज होऊन कटआउटचे (जनरेटर आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे) पॉइंट जळू शकतात. ए सर्किटमध्ये रेग्युलेटरच्या बॅट आणि जेन टर्मिनलांना वायरच्या तुकड्याने क्षणभर स्पर्श करा. छोटी ठिणगी उडाली की झालं. बी सर्किटमध्ये एफची वायर रेग्युलेटरवरून काढून ती बॅटला क्षणभर टेकवायची. ही दुसरी पद्धत ए सर्किटवर, एफची वायर न काढता वापरली तर बॅटरीचा सगळा करंट रेग्युलेटरच्या बंद पॉइंटमधून थेट अर्थला जातो आणि नवा रेग्युलेटर तिथेच संपतो.

रेग्युलेटर दोषी ठरवण्याआधी

इंजिन मध्यम वेगात चालवा, एफची वायर रेग्युलेटरवरून काढा आणि ए सर्किटमध्ये ती क्षणभर बॉडीला टेकवा. बॅटरीवरचं व्होल्टेज चढलं तर जनरेटर ठीक आहे, दोष रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. चढलं नाही तर ब्रश, कॉम्युटेटर आणि पट्टा बघा. सैल पट्टा सेल्फ मारताना घसरतो आणि चार्जिंगही खातो. ही तपासणी काही सेकंदांचीच ठेवा, कारण त्या वेळी व्होल्टेजला आळा घालणारं कुणी नसतं.

जुन्या रेग्युलेटरचे पॉइंट साफ करायचे तर पॉलिश पेपर किंवा एमरी नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात. बारीक कानस वापरा आणि नंतर स्वच्छ कापड फिरवा.

नवा रेग्युलेटर बसवल्यावर इंजिन वेगात असताना, गरम झाल्यावर, बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. मंद वेगावर काटा किंचित डिस्चार्जकडे झुकतो, तो बिघाड नाही. जनरेटरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा खाली गेलं की कटआउट उघडतो. मात्र इंजिन बंद केल्यावरही अँपमीटर जोरात डिस्चार्ज दाखवत असेल आणि जनरेटर गरम होत असेल, तर कटआउटचे पॉइंट चिकटले आहेत. बॅटरीची वायर लगेच काढा.