फेरोइलेक्ट्रिक स्फटिकांवर काम सुरू करताना

फेरोइलेक्ट्रिक म्हणजे असे स्फटिक, ज्यांच्यात विद्युतक्षेत्र नसतानाही ध्रुवीकरण (धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून सरकलेले असणं) टिकतं आणि क्षेत्र लावून उलटवता येतं. नव्याने आलेल्यांच्या हाती पहिल्याच दिवशी बेरियम टायटनेट द्यायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मी ट्रायग्लायसिन सल्फेट, म्हणजे टीजीएस देतो. त्याचं क्युरी तापमान (ज्याच्या वर हे ध्रुवीकरण उरत नाही) 49 अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे मोठी भट्टी लागत नाही. स्फटिक पाण्यातल्या द्रावणातून वाढवता येतो आणि ध्रुवीय अक्षाला काटकोनात सहज चिरतो. पॉलिश करताना पाणी मात्र वापरू नका, विरघळेल!

टीजीएसचं संक्रमण, म्हणजे ध्रुवीय अवस्थेतून अध्रुवीय अवस्थेत जाणं, सेकंड ऑर्डर म्हणजे सलग आहे. तापवत गेलं की उत्स्फूर्त ध्रुवीकरण सलगपणे घटत क्युरी तापमानाला शून्य होतं आणि नेमकं तिथेच डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं (क्षेत्राला ध्रुवीकरण किती प्रतिसाद देतं, त्याचं माप) शिखर येतं. लँडाऊच्या मांडणीत (मुक्त ऊर्जा ध्रुवीकरणाच्या भाषेत लिहिणारा सिद्धान्त) याचं कारण सरळ आहे: क्युरी तापमानाला मुक्त ऊर्जेच्या आलेखाचा तळ सपाट होतो, मग अगदी क्षीण विद्युतक्षेत्रही ध्रुवीकरण भरपूर हलवतं.

शिखराचं तापमान वहीत लिहून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण खरी माहिती स्थिरांकाच्या व्यस्तात असते. तो तापमानासमोर काढा. क्युरी तापमानाच्या वर सरळ रेषा मिळते, हाच क्युरी-वाइस नियम. खालच्या बाजूचा उतार सिद्धान्तानुसार दुप्पट तीव्र हवा. तसा आला नाही, तर डोमेन भिंतींचा (वेगवेगळ्या दिशांनी ध्रुवीकरण असलेल्या भागांमधल्या सीमांचा) वाटा तपासा आणि तापवण्याचा वेगही. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) नमुन्याला जवळजवळ चिकटून हवं, एवढ्याशा अंतरानेही शिखर सरकतं.

एवढं जमलं की बेरियम टायटनेट. त्याचं 120 अंशांजवळचं संक्रमण फर्स्ट ऑर्डर असल्यामुळे ध्रुवीकरण एकदम कोसळतं. तापवताना आणि थंड करताना शिखरं वेगवेगळ्या तापमानांना येतात, म्हणून दोन्ही फेऱ्या घ्यायच्याच. वरून ओढलेली क्युरी-वाइस रेषाही तापमानाच्या अक्षाला संक्रमणाच्या काही अंश खाली छेदते.

मोजमाप एकाच वारंवारतेवर घेऊ नका. वारंवारतेबरोबर शिखर सरकत असेल, तर नमुना लेड मॅग्नेशियम नायोबेटसारखा रिलॅक्सर (ज्याचं संक्रमण एका ठरावीक तापमानाला न होता पसरलेलं असतं) असू शकतो. टोकं गोलसर असलेला हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र वर-खाली करताना ध्रुवीकरणाच्या आलेखात उमटणारा फेरा) बहुतेकदा गळती-प्रवाहाचा असतो, त्यावर प्रबंध उभारू नका.

मला सगळ्यात आवडतो तो बेरियम टायटनेटचा दुहेरी लूप. क्युरी तापमानाच्या किंचित वर, स्फटिक अध्रुवीय झालेला असताना, पुरेसं क्षेत्र त्याला पुन्हा ध्रुवीय अवस्थेत ढकलतं. क्षेत्र उतरलं की तो परततो. ही खिडकी जेमतेम काही अंशांची, त्यामुळे आधी भट्टीचं तापमान स्थिर राहतं का ते पाहून घ्या.